केन कॅरिअरची दोरी

केन कॅरिअर तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा पाहुणे उसाची मोळी हातात धरून गव्हाणीपाशी ताटकळले होते. गळीत हंगामाचा पहिला दिवस. मोळी टाकायची, नारळ फोडायचा, मग भाषणं. आणि ऊस गव्हाणीतून पुढे नेणारा तो साखळीचा पट्टा काही चालेना. पहिल्याच घासाला खडा.

कारखाना इंदापूर तालुक्यातला. मी बारामतीच्या एमआयडीसीत ऑटोमेशनची कामं घेतो. तिथला पीएलसी, म्हणजे यंत्रांचा कारभार पाहणारा कॉम्प्युटर, मीच बसवला होता. बटणं, सेन्सर, स्विच त्याला खबर देतात, ते इनपुट. तो मोटरला चालू-बंदचा हुकूम सोडतो, ते आउटपुट. एवढंच शास्त्र आहे.

कॅरिअरच्या कडेने एक दोरी असते. कुणी अडकलं तर ती ओढायची. स्विच पडतो, पीएलसीला खबर जाते, मोटर थांबते. मी पळत जाऊन पाहिलं, तर मांडववाल्याने त्याच दोरीला झेंडूच्या माळा बांधलेल्या. ओल्या माळांच्या वजनाने दोरी सारखी खेचली जात होती.

"माळा काढा," मी म्हणालो.

"डोकं फिरलं का तुमचं? पाहुण्यांसमोर पूजेच्या माळा काढू?" चीफ इंजिनिअर जगताप खेकसले. "लॅपटॉपवरनं काय ते करा."

मी तो इनपुट फोर्स केला. म्हणजे पीएलसीला सांगितलं, दोरीचं काहीही होवो, ती जागेवरच आहे असं धर. एका क्लिकचं काम. कॅरिअर चालू झाला, टाळ्या पडल्या. मग मला शाल-नारळ मिळाला, आग्रहाने पंगतीला बसवलं, आणि फोर्स न काढताच मी बारामतीला आलो. विसरलो. दुसरा शब्द नाही.

पाचव्या दिवशी सकाळी जगतापांचा फोन. "पांडूतात्यांचा हात कॅरिअरमध्ये गेला. लगेच या."

तात्या पळसदेव गावचे, कॅरिअरवर काम करून केस पिकलेले. अडकलेला ऊस सोडवताना त्यांची बाही साखळीत सापडली होती. मी पोचलो तोवर कॅरिअर धुऊनही झाला होता. जगतापांनी मला पॅनेल रूममध्ये नेऊन दार लावलं.

"दुपारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. त्याआधी फोर्स काढा. त्याच्यासमोर दोरी ओढू, मोटर थांबेल, विषय संपला."

"आणि तात्या?"

"घाबरला माणूस, दोरी ओढायची राहून गेली. तसाही हात काय परत येणार आहे का?"

मी लॅपटॉप उघडला. फोर्सच्या यादीत एकच ओळ होती, माझी. धंदा, पोलीस, घर, सगळं डोळ्यांपुढे आलं. लाज वाटते सांगायला, पण कर्सर मी 'रिमूव्ह'वर नेला होता. मग लॅपटॉप मिटला, काखेत मारला आणि इंदापूरचा दवाखाना गाठला.

तात्यांचा उजवा हात कोपरापासून काढला होता. मला बघून ते उठायला लागले.

"सायेब, म्या दोरी वडली हुती. दोनदा वडली. समदी म्हणत्यात, तात्या, तू वडलीच न्हायस. आता मलाबी वाटाया लागलंय, वडली का न्हाय."

"ओढली होती, तात्या. मोटर थांबली नाही ती माझ्यामुळे."

मी सगळं सांगितलं. त्यांची बायको उठून बाहेर गेली.

"मंग तेवढं सांगा त्या सायबाला," तात्या म्हणाले. "म्या खोटं बोलत न्हाय म्हणून."

इन्स्पेक्टरला मी ती यादी जशी होती तशी दाखवली. माझ्यावर आणि जगतापांवर केस चालू आहे. कारखान्याने मला दार बंद केलं, ते योग्यच.

मध्यंतरी पळसदेवला गेलो होतो. तात्यांच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. तात्यांनी डाव्या हाताने मला पुढे ओढलं. "ह्ये ते सायेब. म्या दोरी वडली हुती ह्ये ह्यांनीच सांगितलं. लई भला माणूस हाय."

आता मी ती दोरी पीएलसीतून नेतच नाही. मोटरची वीज तोडणाऱ्या स्विचला, म्हणजे कॉन्टॅक्टरलाच थेट जोडतो, तिथे लॅपटॉपचं काही चालत नाही. हा नियम मला तेव्हाही पाठ होता. तिथला पीएलसी बसवताना थोडी वायर वाचवली होती.