राजाचा अंगरखा

बोलपट नुकते आले होते, तरी नाशकात आम्ही हौशी मंडळी दर रविवारी जमून नाटक लिहायला, बसवायला शिकत होतो. कपडे शिवायला एक मुसलमान शिंपी यायचे. नाव कुणी विचारलं नाही. सगळे चाचाच म्हणत. नटाचं माप घेण्याआधी ते विचारायचे, "हा करतो काय?"

माझ्या पहिल्या नाटकातल्या राजाबद्दलही त्यांनी तेच विचारलं.

"बोलतो. तिन्ही अंक," मी ऐटीत म्हणालो.

"वाकत नाय? बसत नाय? कुणाला जवळ घेत नाय?"

"नाही."

चाचांनी टेप परत गळ्यात टाकली. "मग मास्तर, अंगरखा खुंटीलाच अडकवा. माणूस कशाला पायजे?"

मला असा राग आला! पण घरी जाऊन तिसरा अंक फाडला आणि नव्यानं लिहिला. आता हरलेला राजा आईच्या पायाशी बसून तिच्या मांडीवर डोकं टेकत होता. चाचांनी पाठीत चार बोटं कापड जास्त सोडलं.

प्रयोगात चाचा सुईदोरा घेऊन विंगेत उभे राहत, नजर फक्त शिवणीवर. माझ्या नाटकाच्या दिवशी राजा वाकला आणि त्यानं आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

पडदा पडल्यावर मी विचारलं, "चाचा, शिवण टिकली?"

डोळे पुसत ते म्हणाले, "बघायचं राहूनच गेलं, मास्तर."