कामाक्षीबाईंची अंडी

मैलापूरच्या आमच्या तंजावरी मराठी मंडळींत एक कुजबूज होती: कामाक्षीबाई ऑफिसात अंडी खातात! अन् घरात बघाल तर कांदासुद्धा चालत नाही.

खबर आणली शेजारच्या गुंडोरावांनी. बाई दहीभाताचा डबा घरी विसरल्या, तो द्यायला हे गेले. पाहतात तो काय, बाई एकेक अंडं दिव्यासमोर धरून निरखताहेत!

"अशी पारख खाणाऱ्यालाच असते," गुंडोराव म्हणाले. मी ते फक्त तिघांना सांगितलं.

चूक बाईंचीच. सव्वीस वर्षं फ्लूच्या प्रयोगशाळेत नोकरी, पण सोवळ्यातल्या सासूपुढे अंड्याचं नाव काढणार कोण? म्हणून घरीदारी सांगून ठेवलेलं, 'कागदाचं काम'.

कुजबूज वेलचेरीला त्रिपुरसुंदरीबाईंच्या कानी गेली. त्यांच्या मुलाशी कामाक्षीबाईंच्या कौमुदीचं लग्न ठरलेलं. बाई तडक आल्या, बसल्या, पण पुढ्यातल्या कॉफीला बोट लावेनात.

"विहीणबाई, घ्या ना."

"आधी अंड्यांचं सांगा. नाहीतर हे लग्न राहिलं."

दाराआडून कौमुदीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"फोडते हो, रोज फोडते," कामाक्षीबाई म्हणाल्या. "दिव्यासमोर धरून आत पिल्लू वाढतंय ना बघायचं, मग त्यात फ्लूचा विषाणू टोचायचा, तो आत वाढतो. मग त्याचे हात तपासायचे."

"अय्यो, विषाणूला हात?"

"अंगभर प्रथिनांचे काटे असतात त्याच्या. एका जातीचे पेशीला धरतात, दुसऱ्या जातीचे कात्रीसारखे नवे विषाणू सोडवतात. धरणारे काटे अगदीच नवे निघाले की शरीर ओळखत नाही, मग साथ जगभर फिरते. नाकाघशाशीच धरलं तर बहुधा शिंकांवर भागतं. खाली फुफ्फुसात धरलं की जिवावर बेततं."

दोन हजार नऊच्या साथीत त्रिपुरसुंदरीबाईंच्या घरचे सगळे शिंकून बरे झाले होते. थोरले दीर तेवढे गेले.

"आमच्या भावोजींना खाली धरलं असेल?"

"असेल. एकच कारण नसतं त्याला. पण आम्ही शोधतो ते हेच."

बाईंनी पेला उचलला, ओठ न लावता वरून तोंडात घोट ओतला आणि कडाडल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं? कॉफी निवली की!"

लग्न ठरलेल्या मुहूर्तावरच झालं. कामाक्षीबाई त्या अंड्यांत फ्लूचा विषाणू वाढवत. त्यांनी जन्मात एकही अंडं खाल्लेलं नाही.