थंड वाऱ्यासाठी गरम आंघोळ

लातुरात माझी नोकरी टिकली ती शमीमखालांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. पुढची हकीकत वाचून माझ्या हुशारीचा संशय कुणाला येणार नाही, तरीपण.

खाला म्हणजे मावशी; पण नात्याच्या नाहीत, माझ्या घरमालकीण. नवी वस्तू असो की नवा भाडेकरू, त्यांचा नियम एकच: "आठ दिवस घरात ऱ्हाऊ दे, मंग बोलू." सुनेला, मिक्सरला आणि मला त्यांनी याच नियमाने पास केलं होतं. त्यातल्या त्यात मिक्सरचं कौतुक जास्त.

मी कोकणातला, नववीत शाळा सोडलेला. पाणी तापवायची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात इथे लागलो. मालकांनी हीट पंप नावाचं नवं यंत्र आणलं. ते आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतं, तिच्यावर पाणी तापवतं आणि गार झालेली हवा बाहेर सोडतं. वीज कमी लागते. "एका घरात बसव, आणि आपल्या गावातल्या घरांना हे मानवतं का ते बघून सांग," मालक म्हणाले. "मानवलं तर तू राहशील." नाही मानवलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. रात्री घरी मी भाकरी नुसती चिवडत बसलो.

खालांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "काय रे कोकण्या, भाकर कच्ची हाय का?"

मी सगळं सांगितलं.

"येवढंच ना? माझ्या घरात लाव. हवा गरम पायजे म्हणतोस, ती लातुरात लई हाय."

मे महिना होता. यंत्र स्वयंपाकघरामागच्या बोळात बसवलं. ते थोडा वेळ घुरघुरलं आणि गप्प झालं. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच इतकं तापलेलं, की त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण तेवढ्यात बोळात जो गार वारा सुटला, तो शेजारच्या सुमनकाकूंना लागला. दुसऱ्या दिवशी त्या पोतंभर शेंगा फोडायला तिथेच येऊन बसल्या. मग निम्मी गल्ली आली.

"घडीघडी बंद का पडून राहिलं हे?" काकूंनी विचारलं.

"पाणी तापलं की थांबतं. गरम पाणी वापरलं की पुन्हा सुरू होईल."

"मंग वापरा की."

पण आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा. ते उगाच सांडणार कोण? खालांनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहिलं. "न्हायचं तर समद्यालाच हाय ना? मंग इथं न्हा. वर टाकीत आपली घागर वता, खाली बादलीभर गरम पाणी घ्या, आन मंग वाऱ्यात बसा. न्हाल्याबिगर वारा न्हाई."

अशा रीतीने लातूरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, चांगली शहाणी माणसं कढत पाण्याने न्हाऊ लागली. सुमनकाकूंचे मिस्टर उकडलेल्या रताळ्यासारखे बाहेर आले, बोळात टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "आता गार लागून राहिलं."

"लागंल न्हाई तर काय," खाला म्हणाल्या. "आधी भाजून काढलं ना तुमाला."

यंत्र दिवसभर चालू लागलं. मी हरखलो. लातूरच्या घरांना हे फारच मानवलंय, असं मालकांना सांगायला निघालो, तर खालांनी दारातच अडवलं.

"घरात मानसं चार. चौघांनी किती येळा न्हावं? कातडी निघंल. हिवाळ्यात ठीक हाय, पन हिवाळा केवढासा? बाकीचं वरीस पानी ऊनच तापवतंय फुकटात. खोटं बोलून इकशील आन कोकणात जाशील. शिव्या खायला मी इथंच हाय."

"पण मग माझी नोकरी जाईल, खाला."

"आठ दिवस झाले ना मशीनला? चल, बोलू."

त्या दुकानात आल्या आणि मालकांसमोरची खुर्ची ओढून बसल्या. "घराघरात नका लावू. जिथं पोरं सकाळधरनं रांगेनं न्हातात, तिथं लावा. आन वारा सैपाकघरात सोडा, तव्याम्होरं बाई उभी ऱ्हाती तिथं." लातुरात क्लासला आलेल्या पोरांची वसतिगृहं गल्लोगल्ली आहेत. मालकांनी बोटांवर गल्ल्या मोजल्या. मग मला म्हणाले, "उद्यापासून वसतिगृहं फिर."

पहिल्याच वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना मी खालांच्या बोळात आणून बसवलं. त्या उठेचनात. वसतिगृहाचे मालक त्यांना शोधत आले, तेव्हा बसल्याबसल्याच म्हणाल्या, "हे घ्या, न्हाई तर चपात्या तुमी लाटा." त्यांनी घेतलं. मी राहिलो.

आता दुकानाने मला नांदेडला पाठवलंय. निघताना खालांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं पानी किती दिसाला येतं रे?"

"पावसाळ्यात चार महिने वरूनच पडतं. आई वैतागते."

"वैतागती?" खाला बघतच राहिल्या. "आन भरून ठेवत न्हाई कोणी?"

"नाही. समुद्रात जातं."

त्यांनी माझी पेटी रिक्षात चढवली. मग एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईशी मला बोलावं लागंल."

एक दिवस मी खालांना आषाढात आमच्या घरी नेणार आहे. वाडीतल्या सगळ्या बादल्या, घागरी, पातेली मागून आणीन, पागोळ्यांखाली मांडीन, आणि त्यांना हव्या तेवढ्या भरू देईन. हसायचं नाही, म्हणून आईला फोनवर आतापासूनच बजावून ठेवलंय.