पूलच्या काठावरचा कोर्स

परदेशातल्या आमच्या क्वेकर्स हिल उपनगराजवळच्या स्विमिंग पूलवर एक गृहस्थ मला दर शनिवारी दिसायचे. मी धाकट्याला क्लासला आणायचो, ते नववीतल्या मुलीला. पुण्याहून नुकतेच आलेले. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण लॅपटॉपमधून त्यांची मान क्वचितच वर यायची. मुलीसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी त्यांना घरच्या गराजमध्ये फिजिक्सचा ऑनर्स कोर्स सुरू करायचा होता.

"इथल्या शाळा मुलांना नुसतं खेळवतात हो," ते म्हणायचे. मग प्रकाश आधी घ्यावा की उष्णता, असं मला विचारायचे आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच धडे वरखाली करायचे. कोर्स काही सुरू होत नव्हता, पण दर आठवड्याला जास्त कठीण होत होता.

मुलगी पाण्याला फार घाबरायची. बाकीची मुलं पोहायची, ही काठ धरून उभी. एका शनिवारी मात्र तिने हात सोडले, पाठीवर आडवी झाली आणि तरंगली. मी टाळ्या वाजवल्या. ती निथळत आमच्याकडे आली.

"बाबा, डिड यू सी? मी तरंगले."

त्यांनी चष्मा वर सरकवला, स्क्रीनवर शोधलं आणि अगदी मायेने म्हणाले, "अगं, तरंगणं चौथ्या आठवड्यात आहे. आत्ता कशाला घाई?"

तिचा चेहरा पडला. मग खांदे उडवून ती पुन्हा पाण्यात गेली.

तिला शिकवायची त्यांची तळमळ खरी होती. फक्त ती शिकली, तेव्हा ते कामात होते.