गटार घालणारा आणि आमची विहीर
कुंभकोणमला आमच्या तळ्याकाठच्या गल्लीत संडासांच्या टाक्या झिरपून विहिरी नासल्या, तेव्हा नगरपालिकेचा एक गवंडी भुयारी गटार घालायला आला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते. पाइपांचा उतार तपासायला तो वरच्या टोकाला पाण्याबरोबर लिंबू सोडायचा आणि खालच्या टोकाशी उकिडवा बसून त्याची वाट पाहायचा. आई शिवाशिव नको म्हणून त्याच्या ओंजळीत वरून ताक ओतायची. तो तमिळमध्ये म्हणायचा, "अम्मा, तुमच्या विहिरीचं पाणी प्यालो, की काम झालं म्हणायचं."

गटार सुरू झालं, टाकी बुजवली, दोन पावसाळे गेले, तरी विहिरीचं पाणी प्यायला कुणी धजेना. मग एका दुपारी तो आला, पोहरा ओढला आणि घटाघटा प्याला. आईनं त्याच्या हातातला पोहरा घेतला आणि उरलेलं पाणी ती प्याली.