उलट्या वळशांची टेप

आमच्या जुन्या गाडीतला चेक इंजिनचा पिवळा दिवा कधी लागेल आणि कधी विझेल, याचा काही नेम नव्हता. नवरा चाकणला कंपनीत जाताना मोशीच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली की दिवा हजर. गॅरेजवाला स्कॅनर लावून तो घालवायचा आणि पुढच्या आठवड्यात तो परत यायचा. सेन्सर बदलून झाला. सासूबाईंनी लिंबू-मिरच्या बांधल्या. शेवटी नवरा म्हणाला की त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून मोकळं होऊ, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर दुसऱ्यांचे दोष शोधायचे आणि आपल्या दारातल्या गाडीला पट्टी चिकटवायची, हे माझ्याच्याने झालं नसतं.

म्हणून एका रविवारी सकाळी मी स्वतः दिघीच्या गॅरेजवर गेले. सेन्सर नाही, वायर बघा, असं सांगितलं. तिथवर हात घालायचा तर बरंच काही सोडावं लागेल, अशी कुरकुर त्याने केली, पण माझ्या तोंडाला कोण लागणार. त्याने इंजिनामागचा वायरींचा जाड जुडगा पुढे ओढला आणि टेप कापायला ब्लेड काढलं. मी टॉर्च धरून वाकले होते. टेपवर उजेड पडला आणि मी टॉर्च आणखी जवळ नेला.

टेप उलटी गुंडाळलेली होती.

हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे बायका लांबलचक बोर्डापुढे उभ्या राहून वायरी मांडतात आणि हाताने टेप मारतात. उजव्या हाताने मारलेल्या टेपचे वळसे एका बाजूला कलतात, डावखुरीचे दुसऱ्या बाजूला. पण डावखुऱ्या बायका काय, पुष्कळ असतात. टेपचं शेवटचं टोक मात्र दोनदा दुमडून बारीक शेपटी ठेवणारी मी आयुष्यात एकच पाहिली होती. पुढे कुणाला ती सोडवायची वेळ आली तर बिचाऱ्याचं नख मोडायला नको, म्हणायची. सुपरवायझर त्यापायी तिच्यावर रोज ओरडायचा आणि ती रोज हो हो म्हणून तेच करायची.

ती डावखुरी. मीही टेप मारायचे तेव्हा माझ्या शेजारच्या बोर्डावर होती. मराठवाड्यातून आलेली. लग्नाआधी आम्ही एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. आमच्याच कारखान्यातल्या एका मुलाशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा परक्या जातीचा. भावांना कळलं तसं त्यांनी तिला सणाचं निमित्त करून गावी नेलं. नंतर भाऊच खोलीवर सामान न्यायला आला आणि म्हणाला की कालव्यावर धुणं धुताना पाय घसरला, पाण्याला ओढ होती, देह मिळाला नाही. दर्भाचा पुतळा करून त्यांनी अग्नी दिला होता. तो मुलगाही त्याच सुमारास काम सोडून गेला. दुःखाने गेला, असं आम्ही समजलो. भाऊ तेव्हा चाकणला बिऱ्हाड करून होता आणि वर्षश्राद्ध त्याने तिथेच घातलं. मी गेले होते. तिची आई भिंतीला टेकून बसली होती, कुणाशी बोलत नव्हती.

गॅरेजवाल्याचं ब्लेड मी बाजूला केलं. टेपच्या टोकाला तीच दुमडलेली शेपटी होती, ती नखाने धरली आणि ओढली. टेप अलगद सुटत गेली. आत एक वायर लोखंडी पट्टीला घासून सोलली गेली होती, खड्ड्यात हादरा बसला की ती टेकायची आणि दिवा लागायचा. दोष सापडला होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. जुडग्यावर एक लेबल होतं. वायरिंग करणाऱ्या कंपनीचं नाव, गावाचं नाव, महिना आणि वर्ष. गाव फार लांबचं, दुसऱ्या राज्यातलं. आणि महिना तिच्या वर्षश्राद्धाच्याही नंतरचा.

जिच्या श्राद्धाचं मी जेवून आले होते, तिने त्यानंतर कुठेतरी बोर्डापुढे उभं राहून ही टेप मारली होती.

वायर जोडून झाली, उघडलेला तेवढा तुकडा गॅरेजवाल्याने नव्याने गुंडाळला, दिवा विझला. संत तुकाराम नगरला घरी येईपर्यंत मी त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होते. बॉनेटखाली कुणीतरी अंग चोरून बसलंय आणि आपल्याबरोबर घरी येतंय, असं सारखं वाटत होतं. भीती वाटत होती आणि आनंदाने रडूही येत होतं.

नवरा म्हणाला, जरा दमाने घे. पण माझ्या पोटात काही राहत नाही. पोटच्या पोरीचं पिंडदान झालेलं बघितलं त्या बाईने, तिला आधी कळायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात. मी तिच्या आईच्या नंबरवर फोन लावला. उचलला भावाने. मी घडाघडा बोलून गेले की तुमची बहीण वाहून गेली नसेल हो, तिच्या हातचं काम आज मी गाडीत पाहिलं, नंतरच्या तारखेचं आहे.

मला वाटलं, आता माणूस रडेल. त्याने अगदी शांतपणे विचारलं, "कोन्त्या कंपनीचं लेबल हाय त्याच्यावर?"

ती जिवंत आहे का, खरंच तिचंच काम आहे का, यातलं काही नाही. तिला पाण्याने नेलं नव्हतं. ती पळाली होती, आणि ज्यांनी तिला अग्नी दिला ते अजून तिला शोधत होते.

लेबल नीट वाचता येत नाही, माझीच चूक झाली असेल, असं काहीबाही मी बोलले. तो म्हणाला, गाडी हलवू नका, घर माहीत आहे मला, संध्याकाळपर्यंत येऊन बघतो.

फोन ठेवला आणि खाली पळाले. बॉनेट उघडलं, गॅरेजवाल्याने जुडगा पुढेच ओढून ठेवला होता, हात पोचला. लेबल नखाने खरवडून काढलं आणि वर येऊन गॅसवर जाळलं. मग टेपचा रोल घेऊन पुन्हा गाडीपाशी गेले. तिची टेप एकेक वळसा करत सोडवली. तिने दुमडलेली टोकं पटकन हाती लागत होती. ती जिवंत आहे याचा जगात एवढाच पुरावा होता आणि तो मी माझ्या हाताने उलगडून कचऱ्यात टाकत होते. नवी टेप मारली, उजव्या हाताची, टोक साफ कापून. इतकं वाईट मला तिच्या श्राद्धालाही वाटलं नव्हतं.

तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. पिकअप गेटजवळ लावला. आईला बरोबर आणलं होतं, ती पुढच्या सीटवरच बसून राहिली. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, वायरींवरून सावकाश बोटं फिरवली, अगदी खालपर्यंत.

"ताई, ही टेप तर नवी हाय."

मीच मारली, म्हटलं. वायर तुटली होती, आणि माझं कामच आहे ते. त्याने मान वर केली आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. रागावला असता तरी बरं वाटलं असतं. ते बघणं मला अजून आठवतं आणि मी दाराची कडी नीट लागली आहे ना, ते पाहून येते.

त्याने पुढे काही विचारू नये म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन पिकअपकडे गेले. आई फार वाळली होती. तिने पाणी घेतलं नाही, तांब्यासकट माझं मनगट धरलं आणि ओठ न हलवल्यासारखं पुटपुटली, "जिती हाय ना?"

मी मान हलवली, अगदी एवढीशी. तिने डोळे मिटले, उघडले, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मुलाला मोठ्याने हाक मारली.

"चल रे बाळा, हितं काय न्हाई."