देवाचे दोन वकील

परभणीच्या धर्मादाय कार्यालयाच्या व्हरांड्यात ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर करडईच्या तेलाची बाटली, आणि बूच सुटेल म्हणून त्यावर सतत अंगठा. तिच्या सासऱ्यानं गावच्या देवळाला दिवाबत्तीसाठी जमीन दिलेली. आता विश्वस्तांचे दोन गट खुर्चीसाठी कोर्टकचेरी करत होते, आणि देवाच्या दिव्याला तेल मात्र ही म्हातारी घरून नेत होती.

एका गटाचे वकील बाहेर आले, तशी ती उठली. "सायेब, तुमची फी कोन देतंय?"

"अर्ज ट्रस्टच्या हितासाठी आहे, आजी. खर्च ट्रस्टच करणार."

"आन् त्या दुसऱ्या वकिलाची?"

"तीही ट्रस्टच."

"म्हंजी दोन्हीकडून देवच पैसे द्यायलाय. मग देव भांडायलाय कुणासंग?"

वकील हसले. हसले! माझं डोकंच फिरलं. भांडण विश्वस्तांच्या खुर्चीचं, मग हात त्यांच्या स्वतःच्या खिशात का जात नाही?

तेवढ्यात पुढची तारीख पडली. बाटली पदराखाली घेऊन ती निघाली. "जाते बाबा, दिवा लावायचाय. आजचा खर्चबी त्याच्याच माथी मारला, ते त्याला कुनीतरी सांगाय पायजे ना."